जयंतीचा केक, भट्टीविना टार्ट आणि पोरांच्या ताटातलं अंडं

वाचकहो, या वेळच्या आरोग्य पानावर मी एका गोड पदार्थाची कृती देणार आहे, आणि कृतीबरोबर थोडे भांडणही करणार आहे. दोन्ही शेवटपर्यंत वाचा. नुसती कृती वाचून वही बंद केली तर माझे म्हणणे उलटे समजेल.

१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता आपल्या अकोला-अमरावतीच्या वस्त्यांत काय होते ते मी सांगायची गरज नाही. फटाके वाजतात, निळ्या झेंड्यांची गर्दी होते, पुतळ्यासमोर टेबल मांडतात आणि त्या टेबलावर केक येतो. आमच्या लहानपणी जयंतीला बुंदी असायची, ती पळसाच्या पानावर वाटायची. आता केक असतो. दोन किलोचा, पाच किलोचा, कुठे कुठे वजनापेक्षा फुटांत सांगावा असा. वर निळे क्रीम, त्यावर पांढरे अशोकचक्र. लेकरांचे ओठ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निळे राहतात.

मी आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले. माझी थोरली बहीण मधुमेही होती. दर जयंतीला ती केकचे दोन तुकडे खायची आणि मी डोळे वटारले की म्हणायची, "वर्षातून एकदाच तं खातो व माय, बाबासाहेबाच्या नावानं." पुढे तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. तो केकनेच गेला असे मी म्हणणार नाही. मधुमेह एका तुकड्याने होत नाही आणि एका तुकड्याने बिघडतही नाही. पण "वर्षातून एकदा" हे वाक्य मात्र मी त्यानंतर मोजायला शिकले. आपल्याकडे जयंती १४ एप्रिलला संपत नाही. वॉर्डावॉर्डाच्या मिरवणुका महिनाभर चालतात. मग बुद्धपौर्णिमा, लग्ने, नामकरण, वाढदिवस, कुणाची सेवानिवृत्ती, कुणाच्या पोराला नोकरी. वर्षातून एकदा येणारा दिवस वर्षातून चाळीस वेळा येतो.

आणि ज्यांच्या नावाने आपण केक कापतो त्या बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. १९४८ सालापासून तर तो त्यांना फारच जाचत होता. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचे लग्न झाले ते डॉक्टर असलेल्या माईसाहेबांशी, आणि पुढे त्यांचे पथ्यपाणी माईच पाहत. पाय दुखत, दृष्टी मंदावली, तरी रात्र रात्र लिखाण चालू. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला ते गेले, वयाच्या ६५ व्या वर्षी. मधुमेहाने थकवलेल्या माणसाची जयंती आपण पाच किलो साखरेने साजरी करतो, ही गोष्ट मला खुपते.

केक सोडा, असे मी म्हणत नाही

हे लिहिताना मला एक भीती आहे, ती आधी सांगते. गरिबाच्या ताटात काही चांगले आले की लगेच कुणीतरी शिकलेला येऊन "हे आरोग्याला वाईट" असे सांगतो. आपल्या आजीला बुंदीचा लाडू दुरून फेकून मिळत होता. हॉटेलात कपबशी वेगळी होती. आज तिचा नातू स्वतःच्या पैशाने केक आणतो, टेबलावर ठेवतो, मान वर करून कापतो. त्या केकमध्ये मैदा आणि साखर आहे, तसा मानही आहे. तो मान कुणी पथ्याच्या नावाखाली काढून घेऊ नये. म्हणून केक बंद करा असा ठराव मी मांडत नाही. केक छोटा आणा, फोटोपुरता, मानापुरता. आणि वाटायला, पोटात जायला दुसरे काही करा. ते काय, हे मी पुढे सांगते.

आणखी एक. केकवरचे ते पांढरे-निळे क्रीम दुधाचे असते असा आपला समज आहे. बेकरीतले बरेचसे क्रीम वनस्पती तेलापासून बनते. त्यात दूध नावाला असते किंवा नसतेच, साखर मात्र भरपूर असते. म्हणजे दूध नाही म्हणून पदार्थ चांगला, हे गणित चुकीचे. आजकाल शहरातल्या मुलींच्या तोंडी 'व्हेगन' हा शब्द असतो. प्राण्यापासून आलेले काहीच खायचे नाही, दूध, तूप, मध, अंडे, काही नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. पण डालडा, साखर आणि मैदा हे तिन्ही व्हेगनच आहेत. शब्दाने आरोग्य येत नाही. आपल्या देशात २०२२ पासून खाद्यतेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर नसावे असा नियम आहे. तो नियम व्हायला लागला, यातच काय ते समजा.

टार्ट म्हणजे काय

माझी भाची पुण्याला शिकते. तिने फोनवर एक चित्र दाखवले. गोल, बुटकी वाटीसारखी बिस्किटाची पारी, तिच्यात पिवळे कस्टर्ड, वर फळांच्या फोडी गोल गोल मांडलेल्या, चकचकीत. म्हणाली, "मावशी, हा फ्रुट टार्ट." फ्रान्सकडचा पदार्थ. मूळ कृतीत पारी मैदा, लोणी, साखर, अंडे यांची, ओव्हनमध्ये भाजलेली. आत दूध, अंड्याचा पिवळा बलक आणि साखर आटवून केलेले कस्टर्ड. वर फळे, आणि फळांवर पाकाची चकाकी.

आपल्याकडे ओव्हन कुठे? पोरी कुकरमध्ये वाळू नाहीतर मीठ घालून केक भाजतात, तासभर गॅस जळतो. एप्रिलात अकोल्याचा पारा चाळीसच्या वर. त्या वेळी विहाराच्या मागे चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायांना विचारा, भट्टीविना काही होत असेल तर हवे का म्हणून. भाचीने शोधलेली कृती बदाम, काजू, मेपलचा पाक असल्या वस्तूंची होती. ती वाचूनच आमच्या महिला मंडळातल्या बाया हसायला लागल्या. मग आम्ही ती आपल्या वऱ्हाडाच्या किराण्यात बसवली. तीन वेळा बिघडली, चौथ्यांदा जमली.

साहित्य (बारा तुकड्यांसाठी)

पारीसाठी: सोललेले भाजके शेंगदाणे २०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, भाजलेले जवस २५ ग्रॅम, बी काढलेला मऊ काळा खजूर १५० ग्रॅम, वेलची, चिमूटभर मीठ.

आतल्या भरणासाठी: नारळाचे घट्ट दूध ४०० मिलि (मध्यम नारळ असेल तर दोन लागतील), पाणी १५० मिलि, गूळ ४५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन चमचे, चायना ग्रास ५ ग्रॅम (१० ग्रॅमच्या पाकिटातला निम्मा), अर्ध्या संत्र्याच्या सालीचा वरवरचा किस.

वर लावायला: हंगामातली दोन-तीन फळे.

कृती

जवस आणि तीळ आधी बारीक करून घ्या. शेंगदाणे भरड वाटा. मिक्सर थांबून थांबून फिरवा, एकदम फिरवला तर तेल सुटते आणि पारी तेलकट होते. खजूर हाताने कुस्करा. कडक असेल तर दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून नीट निथळून घ्या. सगळे एकत्र मळा. मुठीत दाबले की लाडू वळला पाहिजे. नाही वळला तर आणखी दोन खजूर. काठाच्या ताटलीला केळीचे पान किंवा बटर पेपर लावा, मिश्रण तळाला आणि काठाला वाटीच्या बुडाने दाबून बसवा. सगळी मेहनत या दाबण्यात आहे. सैल राहिले की कापताना भुगा होतो. आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला.

चायना ग्रास कात्रीने तुकडे करून त्या १५० मिलि पाण्यात वीस मिनिटे भिजवा. मग मंद आचेवर उकळू द्या, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत. गूळ त्यातच विरघळवा आणि गाळून घ्या, गुळाची रेती निघून जाते. दुसऱ्या भांड्यात नारळाचे दूध कोमट करा, उकळू नका. आता गरम पाणी दुधात ओता आणि ढवळा. दूध थंड असेल तर चायना ग्रास त्याच क्षणी गोठतो आणि गुठळ्या होतात. आमचा दुसरा प्रयत्न असा गेला. शेवटी संत्र्याच्या सालीचा किस घाला. संत्र्याचा रस मात्र चायना ग्रासबरोबर उकळू नका. आंबटाने त्याची पकड सैल होते. तिसरा प्रयत्न त्यातच गेला.

हे भरण पारीत ओता. अर्ध्या तासात घट्ट होते. फ्रीज लागत नाही, आणि आपल्यासाठी हीच मोठी गोष्ट. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते आणि उन्हाळ्यात पातळ होते. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून बनतो आणि एकदा बसला की अकोल्याच्या एप्रिलातही हलत नाही. बेकरीचा केक मिरवणूक येईपर्यंत खाली बसतो, हा बसत नाही. पण घट्ट राहिला म्हणजे टिकला असे नाही. नारळाचे दूध उन्हात आंबते. केल्यापासून तीन-चार तासांत खाऊन संपवा.

फळे शेवटी, वाटायच्या आधी लावा. संत्र्याच्या फोडींची पातळ साल काढा, बी काढा, फडक्यावर कोरड्या करा. ओल्या फोडींनी पारी भिजते. पाकाची चकाकी लावू नका. सोललेली संत्र्याची फोड आपोआप चमकते.

फळे आपल्याच मातीतली

वरूड-मोर्शीच्या संत्र्याला दोन बहार. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृग बहाराचे फेब्रुवारीपासून पुढे. म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला संत्रे सुरू झालेले असते आणि जयंतीला मृगाचे शेवटचे फळ हाताशी असते. अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडे केळी आहे. पपई बारमाही. हिवाळ्यात पेरू, बोरे, आणि चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी. बुद्धपौर्णिमेला आंबा. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी भाव पडला की आपल्याच भागातल्या बागाईतदारांना संत्री रस्त्यावर टाकावी लागतात, हे आपण पाहिले आहे. त्याच दिवशी त्याच तालुक्यातल्या वाढदिवसाच्या केकवर डब्यातली लाल रंगाची पाकातली चेरी असते. हा हिशेब कुणाला जुळतो ते सांगा.

हिशेब स्पष्ट सांगते

आरोग्याच्या नावाने खपणाऱ्या गोडाला लोक "साखर नाही" म्हणून मोकळे होतात. मी तसे करणार नाही. खजुरात निम्म्याहून जास्त, साधारण दोन तृतीयांश साखरच असते. १५० ग्रॅम खजुरात ती शंभर ग्रॅमच्या आसपास येते. गुळाची चाळीस-बेचाळीस. बारा तुकडे केले तर एका तुकड्यात ११-१२ ग्रॅम, फळांची वेगळी. घरी केलेल्या क्रीमच्या केकमध्ये २०० ग्रॅम साखर स्पंजला आणि १५० ग्रॅम क्रीमला धरली, तर तेवढ्याच बारा तुकड्यांत प्रत्येकी २९ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणजे केकच्या एका तुकड्यात दिवस संपतो. संघटनेच्या व्याख्येत अख्ख्या खजुराची साखर मोजत नाहीत, गुळाची मोजतात. पण मधुमेह्याचे रक्त व्याख्या वाचत नाही. त्याला खजूरही मोजावाच लागेल.

उष्मांकही कमी नाहीत. एका तुकड्यात अडीचशेच्या वर. दाणे, तीळ, नारळ म्हणजे तेलच. नारळातली चरबी तर तुपासारखी घट्ट जातीची. हृदयाचा त्रास असेल त्यांच्यासाठी निम्मे नारळाचे आणि निम्मे भिजवलेल्या दाण्यांचे दूध घ्या. मग फायदा कशात? केकमध्ये मैदा आणि साखर सोडून फारसे काही नसते. इथे एका तुकड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने आहेत, तंतू आहेत, तिळाचा चुना आणि जवसाचे तेल आहे. पोट भरते, दुसरा तुकडा मागवत नाही. माझ्या मते या पदार्थाचा खरा गुण हाच.

कुणी जपावे तेही ऐका. मधुमेह्याने अर्धा तुकडा, आणि तो जेवणावर जास्तीचा नव्हे तर जेवणातली पोळी कमी करून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर खजूर, केळी, संत्री, नारळ यांतले पोटॅशियम बाधते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना हा पदार्थ वर्ज्य, वाटण्याआधी ओरडून सांगा. बुरशी धरलेला, कडवट दाणा एकही घेऊ नका. त्या बुरशीचे विष यकृताला मारते आणि भाजल्याने जात नाही.

हे सगळे एवढ्या बारकाईने का सांगते? आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत दिसले. त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर उभे आहेत. हा आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. तो आमच्या वस्तीत चहाच्या टपरीवर बसलेला असतो.

"हे तं उपासाचं होय!"

विहारात पहिल्यांदा हा टार्ट नेला तेव्हा एका काकूंनी ताटात डोकावून विचारले, "काय काय टाकलं व याच्यात?" मी सांगितले, दाणे, खजूर, खोबरं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "हे तं एकादशीचं फराळ होय बाप्पा! आपन उपास सोडून सत्तर वर्सं होत आले, अन् हे आता मागच्या दारानं आनून राह्यली काय?" सगळा विहार हसला. मीही हसले. पण काकूंनी नेमक्या जागी बोट ठेवले होते.

शेंगदाणा कुणाच्या उपवासाचा नाही. तो दक्षिण अमेरिकेतून आला आणि आपल्या कोरडवाहू शेतात राबणाऱ्यांच्या फडक्यात भाकरीबरोबर बांधला गेला. नारळ आम्ही कुठल्या दगडापुढे फोडत नाही, खाण्यासाठी फोडतो. पण काकूंची खरी शंका वेगळी होती. बिनदुधाचा, बिनअंड्याचा पदार्थ आणला, आता उद्या म्हणशील मटण सोडा. शुद्ध व्हा.

त्यांना आणि तुम्हालाही माझे उत्तर सरळ आहे. शाकाहाराच्या नावाने या देशात माणसांची प्रतवारी लावली गेली. घर भाड्याने देताना विचारतात, डबा उघडताना नाक मुरडतात. १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांस खाण्याचा प्रश्न मध्यभागी ठेवला होता. जे खाल्ले त्यावरून माणसाला बाहेर काढले, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा 'व्हेगन' हा शब्द आपल्याकडे शुद्धतेचा नवा गंध लावून येणार असेल, तर तो दाराबाहेरच बरा.

धम्माचा आधार देऊन कुणी तुम्हाला शाकाहारी करू पाहत असेल, तर विनयातली गोष्ट सांगा. देवदत्ताने मागणी केली होती की भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे. तथागतांनी ती मान्य केली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी हिंसेची गरज आणि हिंसेची इच्छा यांत फरक केला आहे. पहिले शील माणसाच्या मनातल्या क्रौर्याला आवर घालते, त्याच्या स्वयंपाकघराची झडती घेत नाही. ज्याला करुणेपोटी दूध-मांस सोडायचे आहे त्याने खुशाल सोडावे, त्याचा मी आदर करते. पण पूर्ण व्हेगन राहणाऱ्याला ब-१२ जीवनसत्त्व गोळीतून घ्यावे लागते, ते झाडाझुडपांत मिळत नाही, हेही त्याला कुणीतरी सांगितले पाहिजे. त्याची कमतरता झाली की हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, विसरभोळेपणा येतो.

मग मी हा टार्ट बिनदुधाचा का करते? चार कारणे. तारुण्यानंतर पुष्कळांना दूध पचत नाही, पोट फुगते, भोजनदानानंतर हे मी नेहमी पाहते. दुसरे, विहारात सगळ्या जातीधर्मांची, सगळ्या खाण्याची माणसे यावीत आणि एका ताटातून खावीत, अंडे न खाणाराही आणि खाणाराही. तिसरे, उन्हाळ्यात दुधाचा खवा-रबडीपेक्षा हे सांभाळायला सोपे. चौथे, स्वस्त. यात पुण्य-पाप कुठेच नाही.

आणि अंडे?

आता माझे भांडण. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचे पैसे थांबवले आणि अंडे द्यायचेच तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, जिथली बालमृत्यूंची बातमी दर पावसाळ्यात पेपरात येते, या निर्णयाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एका अंड्यात सहा-एक ग्रॅम प्रथिने असतात. मी वर सांगितले की टार्टच्या तुकड्यातही तेवढीच. कुणी म्हणेल, मग झाले की, अंड्याऐवजी दाणे द्या. नाही. दाण्यातली प्रथिने अंड्याइतकी पूर्ण नसतात, आणि ब-१२ तर मुळीच नाही. वाढत्या लेकराला दाणेही हवेत आणि अंडेही. मी बिनअंड्याचे गोड सुचवते आहे, बिनअंड्याचे बालपण नव्हे. सणाच्या ताटातून अंडे काढणे ही माझी आवड झाली. शाळेच्या ताटातून अंडे काढणे हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि धोरणाचा प्रश्न आपण आपल्या आवडीने सोडवायचा नसतो. माझी ही कृती उद्या कुणी "बघा, बौद्ध महिलासुद्धा अंड्याविना चालवतात" म्हणून वापरली, तर त्याच्यापुढे ताट घेऊन पहिली मीच उभी राहीन.

या जयंतीला एवढे करू

माझे म्हणणे चार ओळींत. मंडळांनी केक अर्ध्या किलोचा आणावा. उरलेल्या पैशांतून महिला मंडळाने दाणे, खजूर, नारळ आणि संत्री घ्यावीत, आणि पुरुषांनीही दाबायला बसावे, पारी दाबायला ताकद लागते. वस्तीतल्या शाळेतल्या मुलांसाठी महिन्यातून जमेल तितक्या वेळा अंडी द्यावीत, आणि देता देता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सरकारी निधी परत मागावा. लोकसहभागाने सरकारची जबाबदारी संपत नाही. आणि विहारात वाटप होण्याआधी तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर तपासावी. जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्यवर्धिनी केंद्रात ती फुकट होते.

सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली होती. उपासाने हाडाचा सापळा झालेल्या माणसाला तिने आधी जेवू घातले, मग त्याला पुढची वाट सापडली. ती खीर दुधाची होती, हे मी विसरलेले नाही. तिच्यासमोर भुकेला माणूस होता आणि त्याला त्या वेळी काय हवे ते तिने ओळखले. आपल्या वस्तीत आज कुणाला दूध हवे, कुणाला अंडे हवे, कुणाला साखर नको. ओळखून वाढणे एवढेच आपले काम.

माझी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या जयंतीला तिने टार्टचा अर्धा तुकडा खाल्ला, बोटे चाटली आणि म्हणाली, "केकसारखं नाही लागत. पन बरं लागते." मी तिचे मत जसेच्या तसे तुम्हाला देते. करून पाहा, आणि तुमचे काय झाले ते विहारात भेटलो की सांगा.